फिरकीचे चार बूट

तर शिट्टी, म्हणजे डोंगराच्या गेटवरचा पहारेकरी आणि आरीमामांचा मेहुणा, आडव्या दांडीवर कोपरं टेकून म्हणाला, "दाजी, झऱ्याच्या वळणापर्यंत खुशाल जा. तिथून मागे फिरा. पुढची वाट कुत्र्याच्या पायांची नाही. नाहीतर असं करा, फिरकीला माझ्याकडे ठेवून जा. उतरताना घेऊन जा."

साधं बोलणं होतं. ऐकलं असतं तर किस्सा इथेच संपला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आरीमामांनी काय केलं, तर आपला उजवा पाय उचलला, कोऱ्या बुटाचा तळ मेहुण्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "तळाच्या गोष्टी तू मला शिकवणार? तू आपली शिट्टी वाजव."

मेहुण्याने शिट्टी काही वाजवली नाही. गुपचूप दांडी वर केली. मामा पुढे आणि चामड्याच्या पट्ट्याला बांधलेली फिरकी मागे, असे दोघे राखीव डोंगरात शिरले.

आता मामांचा तोरा अगदीच हवेतला होता असं नाही. बस जिथे वळून उभी राहते त्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान. एक खोली, तीही अरुंद. भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले, लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत, जणू एखाद्या मोठ्या कुटुंबाने आत येताना पायच काढून ठेवलेत. मधोमध लोखंडी पाय, त्यावर बूट उपडा चढवायचा आणि ठोकायचा. सोल्युशनचा वास इतका मुरलेला की मामा देवाघरी गेले तरी तो मागे राहील, असं मामी म्हणायच्या. मागे पडदा आणि पडद्यामागे संसार.

डोंगर चढणारी माणसं याच गल्लीत बसमधून उतरायची आणि फाटके बूट घेऊन इथेच परत यायची. हा डोंगर कधीकाळी आग ओकून गप्प बसलेला. माथ्यावर विवर, विवरात पाणी, कडेकडेने अजून थोडा थोडा धूर. कडेच्या खालचा सगळा उतार थिजलेल्या लाव्ह्याचा. लोहाराच्या भट्टीतून कीट निघतं ना, तसा काळा, भोकाभोकांचा, धारदार. "तो दगड नाही, उंदीर आहे," मामा गिऱ्हाइकांना बजावायचे. "बूट कुरतडतो. पातळ तळ घालून जाल तर अनवाणी परत याल." बुटाची टाच पाहूनच ते ओळखायचे. टाचेत काळी वाळू अडकली असेल तर माणूस खालच्या खाली फिरून आलाय. शिवणीत पिवळसर भुकटी असेल, तिला सडक्या अंड्याचा वास असेल, तर थेट कडेपर्यंत जाऊन आलाय. माणसाच्या तोंडाने थापा मारल्या तरी त्याचा बूट मामांपाशी खरं बोलायचा.

आणि मामा स्वतः? मामा वर कधी गेलेच नव्हते.

त्याचंही असं झालं. वडिलांच्या हातून दुकान नुकतंच मामांच्या हातात आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "तुम्ही तर किती वेळा गेला असाल वर?" मामांच्या तोंडात तेव्हा खिळे होते. ओठांत खिळे धरले की माणूस मानेनेच बोलतो. मामांची मान हलली. ती का हलली, होय म्हणून की नाही म्हणून, हे मानेलाही ठाऊक नसावं. गिऱ्हाईक खूश झालं आणि म्हणालं, "मग काय, तुमच्याच हातचे बूट घेतले पाहिजेत." झालं. मान एकदा हलली ती पुढे हलतच राहिली. हळूहळू मानेच्या जोडीला तोंड आलं. वरच्या पाण्याचा रंग कोणी हिरवा सांगे, कोणी निळा. मामा म्हणायचे, "ते ढगावर आहे. ऊन असेल तर हिरवं, नसेल तर निळं." हिरवंवाले खूश, निळंवालेही खूश. दुसऱ्यांच्या बुटांनी मामांनी तो डोंगर इतका तुडवला होता की कधीकधी त्यांना स्वतःलाच वाटायचं, आपण पाहिलंय ते.

मामींना मात्र पक्कं ठाऊक होतं. "हे डोंगरावर गेले असते तर डबा कुणी भरून दिला असता?" एवढाच त्यांचा पुरावा, पण तो बिनतोड होता.

मग एके दिवशी पोस्टमन दुकानात आले. निवृत्त झाल्यावर चालण्याची सवय सुटेना म्हणून त्यांनी दर रविवारी डोंगर चढणाऱ्यांचं एक टोळकं जमवलं होतं. गल्ली त्यांना रविवारवाले म्हणायची. पोस्टमननी दोन्ही हात फळीवर ठेवले आणि म्हणाले, "मामा, आमच्यात सगळेच नवखे. या रविवारी तुम्ही पुढे व्हा. तुमच्याइतका डोंगर कुणी पाहिलाय?"

पडद्यामागून भांडं पडल्याचा आवाज आला. भांडं पडलं नव्हतं, मामींनी हसू दाबलं होतं.

"येतो की," मामा म्हणाले. तोंडात खिळे नव्हते, तरी म्हणाले.

पोस्टमन गेल्यावर मामी पडदा सारून आल्या. "आता न्या त्यांना. मी दारातून हात हलवीन."

"तू हसतेस काय?"

"मी कुठे हसतेय? अहो, सरळ सांगून टाका, गुडघा दुखतोय म्हणून."

"माझा गुडघा अजिबात दुखत नाही."

"तेच तर. एवढी थाप मारलीत आयुष्यभर, आणखी एक काय जड आहे?"

मामांना ते लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं की रविवारच्या आधी गुपचूप जाऊन यायचं. वाट पाहून ठेवायची, पाणी पाहून ठेवायचं, म्हणजे आजवरचं सगळं बोलणं एका फटक्यात खरं होईल. त्यांनी स्वतःसाठी बूट करायला घेतले. दुहेरी तळ, मधे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, टाच आतून कडक आणि बाहेरून मऊ. असे बूट त्यांनी कुणालाच करून दिले नव्हते. पायात घालून ते दुकानात दोन फेऱ्या मारून आले. लोखंडी पायाला मुद्दाम लाथ मारून पाहिली. काही म्हणजे काही लागलं नाही.

निघायच्या सकाळी ते मामींना म्हणाले, "चामड्याच्या बाजारात जाऊन येतो."

"मग हिलाही न्या," मामी म्हणाल्या. "दिवसभर पायात पायात करते. बाजारात तिला हुंगायला भरपूर मिळेल."

फिरकी ही मामींची कुत्री. शिट्टीच्या चौकीखाली जन्मलेली, त्याने आपल्या ताईला आणून दिलेली. तपकिरी, एक कान उभा तर एक मोडलेला. बसायच्या आधी जागच्या जागी दोन-चार गरके घ्यायची आणि मगच बूड टेकायची, म्हणून तिचं नाव फिरकी. मामा खरं बोलले असते तर मामींनी तिला घरीच ठेवली असती. पण चामड्याच्या बाजाराला कुत्रीला नाही म्हणायला कारण कुठलं काढणार? मामांनी पट्टा उचलला. पट्टा दिसताच फिरकी अशी नाचली की दारातली झाडू आडवी झाली.

तर असे ते गेटमधून आत गेले.

खालची वाट मजेची होती. दाट झाडी, दगडांवर शेवाळ, पायाखाली कुजलेला पाला. पुढे झाडं खुजी झाली आणि काळी राखेची वाळू लागली. फिरकीने त्या वाळूत अंग टाकून दिलं, चारी पाय वर करून लोळली आणि उठून शिंकली. मामा मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत हे आपण का केलं नाही, असं त्यांना वाटलं. दर रविवारी यावं, हिला घेऊन यावं, मामींनाही निदान इथपर्यंत आणावं, असे बेत ते चालता चालता करू लागले. झऱ्याच्या वळणावर दोघांनी पाणी प्यायलं. मामांनी पाव आणि उकडलेला बटाटा काढला, अर्धा तिला दिला.

इथून मागे फिरायचं होतं.

मामांनी वर पाहिलं. कड दिसत होती. स्वच्छ ऊन होतं, म्हणजे त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे पाणी आज हिरवं असणार. फिरकी त्यांच्या तोंडाकडे पाहत शेपूट हलवत होती. "चल," ते म्हणाले, आणि ती निघाली. तिला विचारलं कुणी होतं?

काळ्या दगडावर मामांचे बूट असे चालले की मामा स्वतःवरच खूश झाले. करकर करकर आवाज येत होता, पण पायाला काही कळत नव्हतं. दगडाची धार नाही, उन्हात तापलेला चटका नाही. घरच्या फरशीवरून चालावं तसे ते चालले. दर पावलाला ते मनात म्हणत होते, दुहेरी तळ, मधे नमदा. आयुष्यभर दुसऱ्याच्या बुटाचा तळ पाहिल्यावाचून ज्यांनी बोलणं सुरू केलं नाही, त्यांनी त्या वाटेवर मागच्या चार तळव्यांकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

फिरकीची चाल बदलली होती. ती मामांचं पाऊल जिथे पडे नेमकं तिथेच पाऊल टाकायला लागली. मग पट्टा ताणला जाऊ लागला. एका ठिकाणी ती थांबली आणि गरके घ्यायला लागली. एक गरका, दुसरा, तिसरा, गरक्यांवर गरके, पण बसेना.

"नखरे बघा बाईसाहेबांचे," मामा म्हणाले. "बसायचं तर बस, नाहीतर चल."

ती बसली नाही. मामांनी पट्टा ओढला. फार जोरात नाही, पण ओढला. ती चालू लागली. केकाटली नाही, कुईं केलं नाही. मामा पुढे होते ना, मग वाट बरोबरच असणार, असा तिचा हिशोब.

काळा दगड संपला आणि एकदम पांढरी जमीन लागली. खालच्या वाफेने शिजून शिजून माती अगदी खडूसारखी झालेली. गंधकाचा तो ओळखीचा वास आला, जो मामांनी आजवर इतरांच्या शिवणीत हुंगला होता. पुढे चार पावलांवर जमीन संपत होती आणि तिथून पुढे फक्त उजेड होता. तीच कड. मामांचा ऊर भरून आला. पण एकट्याने पाहायला त्यांना बरं वाटेना, म्हणून ते आधी मागे वळले. "ये गं," ते म्हणाले, "आलो बघ आपण."

आणि त्यांना तिची वाट दिसली. काळ्या दगडावर काही दिसलं नव्हतं, काळ्यावर लाल कुठलं दिसणार? पांढऱ्या जमिनीवर मात्र प्रत्येक पाऊल उमटलं होतं. एकेक पंजा, पाकळ्यांसकट, लाल. फिरकी त्या ठशांच्या टोकाला उभी होती आणि शेपूट हलवत होती.

मामा तिच्यासमोर खाली बसले. तिचा पुढचा पाय त्यांनी हातात घेतला. तळव्याची गादी सोलून निघाली होती, आत काळे बारीक खडे रुतलेले. फाटक्या तळाचा बूट कसा दिसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? अगदी तसाच दिसत होता. तिने पाय मागे ओढून घेतला नाही. उलट मामांचा हात चाटला.

चामडं कापायची रापी त्यांच्या खिशात असायचीच. त्यांनी बुटांच्या नाड्या उपसल्या, नाड्यांखालच्या दोन्ही जिभा मुळापासून कापल्या, त्यांचे चार तुकडे केले आणि नाड्यांनी तिच्या पायांना बांधले. आयुष्यातलं सगळ्यात घाईचं आणि सगळ्यात वाईट काम. मग तिला खांद्यावर घेतली आणि उतरायला लागले. कडेकडे त्यांची पाठच होती, ती पाठच राहिली. चार पावलं मागे जाऊन पाहायचं राहिलं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते काळ्या उतारावर अर्ध्यात होते. ध्यानात आलं आणि गेलं. जीभ नसलेल्या, नाड्या नसलेल्या बुटांत खडे शिरत होते, टाचा सोलवटत होत्या, आणि कानाशी फिरकी अधूनमधून चाटत होती. तेच त्यांना सोसवेना. तिने चावा घेतला असता तर बरं झालं असतं.

शिट्टीने त्यांना दुरून पाहिलं. तो धावत आला, तिच्या पायांकडे पाहिलं, मामांच्या बुटांकडे पाहिलं. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि तोंडावर यायला बोलणंही भरपूर होतं. त्याने फक्त हात पुढे केले.

"दाजी, द्या तिला. तुम्ही दमलात."

"मीच नेतो," मामा म्हणाले.

मामी दारात उभ्या होत्या. नवरा राखेने माखलेला, खांद्यावर कुत्री, कुत्रीच्या पायांना चामड्याच्या चिंध्या. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "मिळालं चामडं?"

एवढंच. पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्या विषयावर शब्द काढला नाही. मामा वाट पाहत राहिले, की ही कधी एकदा ओरडते आणि मोकळी होते. मामी मोकळ्या झाल्या नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई चिमट्याने एकेक खडा काढत होत्या. "एवढं सगळं होईपर्यंत ही चालली तरी कशी?" त्यांनी विचारलं.

"हे पुढे होते ना," मामी म्हणाल्या.

रविवारी पोस्टमन आणि त्यांचं टोळकं दुकानासमोर येऊन उभं राहिलं, पाठीवर पिशव्या, डोक्याला टोप्या. मामा घरच्या चपला घालूनच बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी वर कधीच गेलो नव्हतो. परवा गेलो, ते नको जायला होतं."

पोस्टमन गोंधळले. "अहो, पण मग इतकी वर्षं मान हलवायचात ती?"

"तोंडात खिळे असायचे."

टोळकं हसलं. मामा हसले नाहीत, तेव्हा तेही थांबलं. मग पोस्टमन हळूच म्हणाले, "बरं, मग आम्ही निघतो," आणि ते शिट्टीच्या गेटाकडे निघून गेले.

फिरकीचे पाय भरून आले. नवी कातडी जाड आली, थोडी वाकडी आली, पण ती पुन्हा पळू लागली. मामींबरोबर बाजारात जायची, शिट्टी आला की त्याच्या चौकीपर्यंत जाऊन यायची. मामांवर तिचा राग होता असंही नाही. काम करताना त्यांच्या पायाशी गरके घेऊन झोपायची. पण एका सकाळी मामांनी त्या बुटांना नव्या जिभा शिवल्या, पायात घातले आणि पट्टा उचलला. फिरकी उठली, बाकाखाली गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मामांनी बूट काढून ठेवले. चपला घातल्या, तेव्हा ती बाहेर आली.

मग मामांनी तिच्यासाठी बूट केले. ती झोपली असताना कागदावर पंजे उतरवून घेतले. दुकानातलं सगळ्यात मऊ चामडं, तळाला जाड रबर, वर अशी चुणी की पाय दाबला जाऊ नये, आतून एकही शिवण लागणार नाही असं काम. चार बूट, चिमुकले, एकेक पाहावा असा. मामी हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिल्या. फिरकीने ते पायांत चढवूनही घेतले. मग ती तशीच उभी राहिली, टेबलासारखी. पाऊल उचलेना. मामांनी पट्टा हातात घेतला, तशी आडवी झाली.

ते चार बूट मामांनी खिडकीत टांगले. का टांगले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण बसमधून उतरलेल्या एका बाईने ते पाहिले, तिच्या कुत्र्याचं माप दिलं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. होता होता असं झालं की डोंगरावर कुत्रं न्यायचं तर आधी आरीमामांकडे जा, असं शिट्टीच गेटवर सांगायला लागला. फिरकीच्या बुटांच्या नमुन्याने शेकडो पाय शाबूत वर जाऊन आले. लोक म्हणायचे, "काय डोकं चालवलंत मामा." मामा खिळे तोंडात धरायचे. मात्र मान आता हलत नव्हती.

संध्याकाळी दुकान मिटलं की ते चपला घालून फिरकीला घेऊन निघायचे. गल्ली संपते, फरसबंदी संपते आणि गेटाकडची पायवाट सुरू होते, तिथवर. त्याच्या पुढे मामांबरोबर फिरकी जायची नाही आणि मामा ओढायचे नाहीत. ती गरके घेऊन बसायची. मामा शेजारी दगडावर बसायचे. डोंगर समोर असायचा. मामींना काळ्या वाळूपर्यंत आणायचं त्या दिवशी मनात आलं होतं, ते त्यांना दर वेळी आठवायचं. निदान इथवर येतेस का, असं एकदा त्यांनी मामींना विचारलंही. "तुमचं तुम्ही बसा दोघं," मामी म्हणाल्या. रागाने नाही, पण म्हणाल्या.

फिरकी आता म्हातारी झाली आहे. मोडका कान तसाच, उभा कानही थोडा कललाय. गरका एकच घेते, तोही अर्धा, आणि बाकाखाली झोपून राहते. परवा एक तरुण बाई दुकानात आली, बरोबर केसाळ, उड्या मारणारं, दुकानभर हुंगत फिरणारं कुत्रं. मामांनी त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. बाईने खिडकीतले ते चार जुने बूट पाहिले, भिंतीवरचे फर्मे पाहिले, आणि सगळे जे विचारतात तेच विचारलं, की तुम्ही तर इथलेच, वर कडेपाशी कसं दिसतं हो?

पडद्यामागचा भांड्यांचा आवाज थांबला. मामांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढून ठेवले आणि म्हणाले, "वर जमीन पांढरी आहे, ताई. तेवढीच पाहिली मी. याला जरा घट्ट धरा, मागचे पाय राहिलेत."